‘साभार परत’पासून निरुत्तरापर्यंत : ऑनलाइन स्वयंप्रकाशन सेवा आणि मराठवाड्यातील लेखक

प्रस्तावना

मराठी साहित्यव्यवहारात ‘साभार परत’ हे दोन शब्द एकेकाळी लेखकाच्या मानहानीचे दुसरे नाव होते. पोस्टाने पाठविलेले हस्तलिखित त्याच पोस्टाने परत येई आणि सोबत चार ओळींची छापील चिठ्ठी असे. चिठ्ठी कोरडी असली तरी ते उत्तर होते. लेखकाला राग करायला एक नाव, एक पत्ता आणि एक सही मिळत असे. ‘सत्यकथा’ मासिकाविरुद्ध १९६९ मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि त्या मासिकाच्या अंकाची होळी झाली. त्या संतापाच्या मुळाशी निवड करणारी संपादकीय सत्ता होती. ती सत्ता कोणाच्या हाती आहे, ती कोणत्या अभिरुचीच्या नावाने चालते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच तिच्याशी भांडता आले.

गेल्या सुमारे दीड दशकात मराठी लेखकासमोर ऑनलाइन स्वयंप्रकाशनाचा मार्ग खुला झाला आहे. येथे कोणालाही नकार नाही. फाइल चढविणाऱ्याचे किंवा ठरलेली रक्कम भरणाऱ्याचे पुस्तक सहसा निघतेच. अडचण सुरू होते ती पुस्तक निघाल्यावर. अक्षरे तुटली, मुखपृष्ठावरील नाव चुकले, विक्रीचा हिशेब लागेना, मानधन खात्यावर जमा होईना, अशा वेळी लेखक पत्र लिहितो आणि त्याला यंत्राने तयार केलेली पोच मिळते. त्यापुढे बहुधा काही घडत नाही. नकाराची जागा निरुत्तराने घेतली आहे. या बदलाचा अर्थ नांदेड, लातूर या परिसरातील लिहिणाऱ्यांच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे विवेचन सर्वेक्षणावर आधारलेले नाही. मराठी प्रकाशनव्यवहाराचा ज्ञात इतिहास, या सेवांची कार्यपद्धती, देवनागरी मजकुराच्या तांत्रिक अडचणी आणि प्रचलित कायदा ही त्याची सामग्री आहे. तक्रारींचे जे स्वरूप पुढे सांगितले आहे ते लेखकवर्तुळात सर्रास बोलले जाते. ते कोणा एका संस्थेपुरते मर्यादित नाही.

अंतराचा जुना प्रश्न

मराठवाड्यातील लेखक आणि छापखाना यांच्यातील अंतर ही आजची गोष्ट नव्हे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी ग्रंथनिर्मितीची केंद्रे पुणे-मुंबईकडे होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले तेही पुण्याहून. ज्या प्रदेशाचे नाव त्या पत्राने धारण केले होते, त्या प्रदेशात ते छापणे शक्य नव्हते. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, ‘प्रतिष्ठान’सारखे नियतकालिक उभे राहिले, गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांची एक पिढी घडविली, नांदेडला नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत आयुष्यभर राहून लिहीत राहिला. तरीही पुस्तक ‘मोठ्या’ प्रकाशनाकडून निघावे म्हणून रात्रीच्या बसने पुणे गाठणारा लेखक या भागात नवा नाही.

या अंतरावर लेखकांनी आपापल्या परीने उपाय शोधले. त्यांत सर्वांत जुना उपाय म्हणजे स्वतःच प्रकाशक होणे. महात्मा फुले यांचे ‘तृतीय रत्न’ १८५५ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले. पुढील बहुतेक लेखन त्यांनी आश्रयदात्याविना लोकांपुढे आणले. १९६० नंतरची लघुनियतकालिके ही एका अर्थाने स्वयंप्रकाशनाचीच चळवळ होती. अरुण कोलटकरांच्या मराठी कवितांचे पुस्तक १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढले. लेखक आणि प्रकाशक यांच्यात तेथे व्यवहारापेक्षा मैत्रीचा धागा अधिक होता. ग्रामीण भागात याच उपायाचे साधे रूप आजही दिसते. लेखक भविष्यनिर्वाह निधीतून किंवा सोयाबीनच्या पट्टीतून पैसे उभे करतो, एक प्रकाशनसंस्था कागदावर जन्माला येते, प्रकाशक म्हणून पत्नीचे नाव छापले जाते आणि नांदेड किंवा लातूरच्या अक्षरजुळणीच्या दुकानात पुस्तक आकार घेते. या पद्धतीची चेष्टा पुष्कळ झाली आहे. माझ्या मते ती अनाठायी आहे. तिच्यात एक गोष्ट निश्चित होती : लेखक अक्षरजुळणी करणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसू शकत होता. ‘येथे काना राहिला’ म्हणताच तो तेथल्या तेथे लागत असे. आज जिला ग्राहकसेवा म्हणतात, ती त्या खुर्चीवर बसून मिळत होती.

ऑनलाइन सेवांनी हे अंतर नाहीसे करण्याचे आश्वासन दिले. अॅमेझॉनने २००७ मध्ये किंडल हे वाचनयंत्र आणले, त्यासोबतच लेखकाने स्वतः पुस्तक चढविण्याची सोय झाली. भारतात पोथी डॉट कॉम (२००८), नोशन प्रेस (२०१२), प्रतिलिपी (२०१४) अशा सेवा आल्या. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्यासोबत मराठी पुस्तके अधिकृतपणे उपलब्ध झाली. मुखेड किंवा अहमदपूरला बसून जगभर पुस्तक विकता येईल, हे खरेच नवे होते. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. विशेषतः ज्या स्त्रियांना हस्तलिखित काखेत मारून पुण्याला जाणे कधीच शक्य नव्हते, त्यांच्या लेखनाला प्रतिलिपीसारख्या मंचावर वाचक मिळाले. अंतर मात्र पूर्णतः गेले नाही. ते पुण्याहून उठून बंगळुरू, चेन्नई किंवा सिएटलला गेले, आणि तेथे जायला रात्रीची बस नाही.

लेखक की ग्राहक?

या सेवांविषयी सरसकट बोलणे योग्य नाही, कारण त्यांच्यात लेखकाचे स्थान एकसारखे नसते. काही सेवा लेखकाकडून आगाऊ रक्कम घेतात. मुखपृष्ठ, मांडणी, मुद्रितशोधन, ‘प्रसिद्धी’ अशा निरनिराळ्या गोष्टींची पॅकेजे असतात. तेथे लेखक हा सरळसरळ ग्राहक आहे. दुसऱ्या प्रकारच्या सेवा काहीच रक्कम घेत नाहीत. लेखक त्यांना पुस्तक विकण्याचा परवाना देतो आणि विक्रीतील वाटा त्याला मिळतो. तेथे लेखक ग्राहक नसून माल पुरविणारा आहे. मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अडत्या जसा ‘मालक’ म्हणतो, पण भाव मात्र स्वतःच ठरवितो, तसे काहीसे हे नाते आहे.

दोन्ही ठिकाणी साहाय्य निकृष्ट का असते, याचे उत्तर कर्मचाऱ्यांच्या सौजन्यात शोधू नये. ते हिशेबात आहे. आगाऊ रक्कम घेणाऱ्या सेवेचे उत्पन्न पुस्तक विकले जाण्यापूर्वीच पूर्ण झालेले असते. रक्कम भरण्यापूर्वी दिवसातून दोनदा फोन करणारा ‘प्रकाशन सल्लागार’ रक्कम भरल्यावर दिसेनासा होतो, याचे कारण त्याचे काम विक्रीचे होते आणि विक्री झालेली असते. पुस्तक हा येथे माल नाही. लेखकाची छापले जाण्याची इच्छा हाच माल आहे. विनामूल्य मंचाचा हिशेब निराळा आहे. तेथे लक्षावधी पुस्तकांपैकी प्रत्येकातून अत्यल्प उत्पन्न होते. लातूरच्या कवीच्या संग्रहाच्या वर्षभरात वीस प्रती गेल्या, तर त्यातून मंचाला मिळणारा वाटा एका पत्राला माणसाने लक्षपूर्वक उत्तर देण्याच्या खर्चाइतकाही भरत नाही. म्हणून उत्तर यंत्राकडून येते. निरुत्तर राहणे ही या व्यवसायातील त्रुटी नसून त्याची अट आहे, असे म्हणावे लागते.

जगातील मोठ्या प्रकाशनगृहांनाही या व्यवसायाचा मोह पडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पेंग्विनच्या मालक कंपनीने २०१२ मध्ये ऑथर सोल्युशन्स ही अमेरिकी स्वयंप्रकाशन कंपनी ११ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतली आणि २०१३ मध्ये भारतात पार्ट्रिज या नावाने तिची शाखा सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात काही लेखकांनी ऑथर सोल्युशन्सविरुद्ध दावा दाखल केला. पुस्तकांतील चुका दुरुस्त न करणे, मानधनाचा हिशेब नीट न देणे आणि निरुपयोगी प्रसिद्धिसेवा गळ्यात मारणे असे आरोप त्यात होते. ते आरोप न्यायालयात सिद्ध झाले असे नाही. २०१५ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्यानंतर पेंग्विन रँडम हाउसने ती कंपनी विकून टाकली. त्या दाव्यातील तक्रारींची यादी वाचताना नांदेडच्या साहित्यिक बैठकीत बसल्यासारखे वाटते. भाषा आणि चलन तेवढे वेगळे.

येथे जुन्या प्रकाशकांची भलामण करण्याचा हेतू नाही. मराठीत कित्येक लेखकांना आपल्या पुस्तकाच्या किती प्रती छापल्या आणि किती विकल्या हे कधीच कळले नाही. मानधनाचा विषय काढणे हे असभ्यपणाचे लक्षण मानले गेले. त्या मानाने ऑनलाइन मंचावर लेखकाला रोजची विक्री पाहता येते, ही सुधारणाच आहे. पण आकडा दिसणे आणि आकड्याविषयी प्रश्न विचारता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, किंडलवर मानधनाचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर तेच ई-पुस्तक अन्यत्र न विकण्याची अट असलेल्या योजनेत नाव नोंदवावे लागते. अमेरिकेतील करकपात वेगळीच. आपला स्थायी खाते क्रमांक देऊन करविषयक प्रश्नावली नीट भरली, तर दोन्ही देशांतील करारानुसार मानधनावर १५ टक्के कर लागतो, अन्यथा तो ३० टक्के असतो. ही माहिती लपविलेली नाही. ती इंग्रजीत, अनेक पानांत विखुरलेली आहे. निवृत्त प्राथमिक शिक्षकाने ती समजून घेऊन प्रश्नावली भरावी अशी अपेक्षा आहे, आणि भरताना चुकले तर विचारायला कोणी नाही.

‘आचारी’ आणि ‘आचार्य’

मराठी लेखकाच्या बाबतीत या प्रश्नाला एक खास पदर आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. इंग्रजी लेखकाची तक्रार निदान समोरच्याला वाचता येते. मराठी पुस्तकातील चूक ज्याला कळवायची, त्याला देवनागरी वाचता येईलच याची खात्री नसते.

नांदेड-लातूरच्या दुकानांत अक्षरजुळणी दीर्घकाळ श्रीलिपीसारख्या संचांत आणि पेजमेकरमध्ये होत आली. या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर मराठी नसतोच. रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असतात. ती फाइल ऑनलाइन सेवेकडे गेली की तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि तेथे घात होतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. यांपैकी काही चुका निदान डोळ्यांना खुपतात. अधिक घातक चूक न खुपणारी असते. मराठीत ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक स्वयंपाकघरातला, दुसरा गुरुकुलातला. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ कोकणात. हा भेद ‘ऱ’ या एका चिन्हावर तोललेला आहे. रूपांतरात ते चिन्ह हरवले की पंगतीला बोलावलेले आचारी आचार्य होतात आणि बालाघाटच्या दऱ्यांना भरती येते. मराठी न जाणणाऱ्या साहाय्यकाला दोन्ही शब्द सारखेच बरोबर दिसतात. तो प्रामाणिकपणे कळवितो की फाइलमध्ये दोष आढळला नाही.

अशा अडचणी आणखी आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यामुळे जुन्या फाँटमध्ये ते कधी तुटते, कधी रिकामा चौकोन होऊन बसते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा पुरस्कार केला, तरी सेवेच्या साच्यात हिंदी वळणाचा फाँट असेल, तर पुस्तक त्याच वळणाने निघते. मुखपृष्ठाची गोष्ट याहून वाईट. भारतीय लिप्यांची जुळणी न जाणणाऱ्या चित्रप्रणालीत लेखकाचे नाव टाकले, की नावातील जोडाक्षर फुटते. आयुष्यातील पहिल्या पुस्तकावर आपलेच नाव चुकलेले पाहणे काय असते, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. असे पुस्तक प्रकाशन समारंभात पाहुण्यांच्या हाती देताना लेखक मुखपृष्ठावर अंगठा ठेवतो.

या तक्रारीला जे उत्तर येते ते एक साहित्यप्रकार म्हणून वाचण्यासारखे आहे. त्याची रचना ठरलेली असते. आरंभी कृतज्ञता, मग खेद, मग ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे वाक्य, मग फाइल पुन्हा चढविण्याची सूचना, आणि शेवटी एक क्रमांक, ज्याला ‘तिकीट’ म्हणतात. खाली एक नाव असते, पण पुढच्या पत्राखाली दुसरेच. आधीच्या पत्रात काय ठरले हे दुसऱ्याला ठाऊक नसते, म्हणून लेखकाने सर्व कथा नव्याने सांगायची. तिसऱ्या पत्रानंतर तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद होते. कोणाच्या दृष्टीने निकाली, हे लिहिलेले नसते. या पत्रांत उद्धटपणा कोठेही आढळत नाही. जुन्या संपादकाच्या पत्रात तो भरपूर होता. श्री. पु. भागवतांसारखे संपादक कथेतील एका परिच्छेदाविषयी लेखकाला सविस्तर लिहीत, तर काही संपादक एका ओळीत बोळवण करीत. दोन्ही पत्रांमागे ते लेखन वाचलेला एक माणूस असे. आजच्या विनम्र पत्रामागे पुस्तक वाचलेला माणूस नसतो, एवढेच नव्हे तर तक्रार वाचलेला माणूस असेलच असेही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या भाषेत ‘माझ्या पुस्तकातील ऱ मोडला आहे’ एवढे वाक्य समजून घेणारा साहाय्यक मिळविणे अजून त्या दर्जाच्या आवाक्याबाहेर आहे.

छापील प्रतींचा प्रश्न ओघाने येतो. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याच्या पद्धतीत गोदाम लागत नाही आणि प्रती पडून राहत नाहीत. पण प्रतीमागचा खर्च एकदम पाचशे-हजार प्रती छापण्यापेक्षा अधिक येतो, त्यावर टपालखर्च. मराठवाड्यात पुस्तके खपतात ती साहित्यसंमेलनातील दालनांत, व्याख्यानानंतरच्या टेबलावर आणि ग्रंथालयांच्या खरेदीत. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात ज्यांनी पुस्तके विकली, त्यांच्यापाशी प्रतींचे गठ्ठे होते. ग्रंथालयांना सवलतीच्या दरात पुस्तक हवे असते. एकेका प्रतीच्या हिशेबात ती सवलत बसत नाही. मग ‘जगभर उपलब्ध’ असलेले पुस्तक तालुक्याच्या ग्रंथालयात मात्र नसते.

क्रमांकाचा बाजार

या व्यवहाराला आपल्या महाविद्यालयीन जगाने जे खतपाणी घातले, त्याविषयी अशा नियतकालिकातून मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या लेखनाला गुणांचे मोल लावले. २०१८ च्या विनियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० आणि संपादित ग्रंथातील प्रकरणाला ५ गुण ठरले. ‘राष्ट्रीय प्रकाशक’ कोण, याची कसोटी व्यवहारात आयएसबीएन या क्रमांकापर्यंत घसरली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात असो की अन्यत्र, पदोन्नतीची तारीख जवळ आली की पुस्तकाची निकड निर्माण होते. या निकडीवर ऑनलाइन सेवा जगतात. ‘पंधरा दिवसांत आयएसबीएनसह पुस्तक’ ही जाहिरात साहित्यासाठी नसते, ती फाइलीतील रकान्यासाठी असते. रकाना भरल्यावर पुस्तकाचे काय झाले हे विचारण्याची गरज खुद्द लेखकालाही उरत नाही. म्हणून वाईट सेवेविरुद्ध या वर्गातून फारसा आवाज उठत नाही. ज्यांना वाचक हवा आहे, त्या कवी-कथाकारांची तक्रार त्यामुळे एकटी पडते.

या क्रमांकाविषयीचे अज्ञान तर थक्क करणारे आहे. भारतात आयएसबीएन विनामूल्य मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते आणि २०१६ पासून त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. लेखक स्वतःच्या नावानेही अर्ज करू शकतो. तरीही पॅकेजच्या यादीत हा क्रमांक मोठ्या अक्षरांत ‘लाभ’ म्हणून झळकतो. तो क्रमांक प्रकाशकाची ओळख सांगतो, लेखकाच्या हक्काची नव्हे, हेही अनेकांना ठाऊक नसते. सेवेने दिलेला क्रमांक त्या सेवेच्या खाती असतो. कंटाळून लेखकाने सेवा सोडली, तर तो बरोबर नेता येत नाही. नव्या आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा लागतो. उलट स्वतः क्रमांक घेतला, तर लेखक स्वतः प्रकाशक होतो. मग १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य निर्दिष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रत पाठविण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. ती फारसे कोणी पाळत नाही. पाळली, तर पुढील संशोधकाला ते पुस्तक निदान कोठेतरी सापडेल.

दाद कोठे मागावी

तिकीट बंद झाले म्हणजे प्रकरण संपले, असा बहुतेक लेखकांचा समज असतो. तो खरा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याखालील ई-वाणिज्य नियमांनी प्रत्येक ऑनलाइन विक्रीसंस्थेवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असा नियम आहे. तक्रार कोणत्या भाषेत स्वीकारावी याविषयी नियम काही बोलत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर मात्र मराठीत बोलता येते, ही समाधानाची गोष्ट.

याहून महत्त्वाची तरतूद अंतराविषयीची आहे. पूर्वी प्रतिपक्षाचे कार्यालय जेथे, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथे दाद मागावी लागे. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. करारात ‘सर्व वाद चेन्नईच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ असे लिहिलेले असले, तरी लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंह या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पॅकेजची पावती, करार, मान्य केलेला नमुना आणि हाती आलेली सदोष प्रत एवढी कागदपत्रे जपून ठेवणारा लेखक नांदेड किंवा लातूरच्या आयोगापुढे उभा राहू शकतो. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले म्हणजे काय बिघडले, हे तेथे मराठीत सांगता येईल. आजवर जेथे जेथे ते कळविले गेले, तेथे ही एकच सोय नव्हती.

येथे पूर्वी केलेला लेखक आणि ग्राहक हा भेद पुन्हा आडवा येतो. विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे रक्कम न घेणाऱ्या मंचाविरुद्ध लेखकाला ग्राहक म्हणून दाद मिळणे अवघड आहे. त्याला कराराच्या आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या आधारे जावे लागेल. तो मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे. तेथे निदान एवढे पाहता येते, की हक्काचे हस्तांतरण केले आहे की केवळ परवाना दिला आहे. हस्तांतरण केले असेल आणि मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेशाचा उल्लेख नसेल, तर ते भारतापुरते मानले जाते. हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात अन्यथा नमूद केलेले नसल्यास हस्तांतरण संपुष्टात येते. कराराची पाने न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारणाऱ्या लेखकालाही या तरतुदींचा थोडाबहुत आधार आहे.

शिवाय ‘व्यापारी हेतू’ने घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येतून वगळलेली आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका चालविणाऱ्यासाठी कायद्यात अपवाद आहे, पण त्याची शब्दरचना खरेदी केलेल्या वस्तूंविषयी आहे. पुस्तक विकावे म्हणून पैसे भरणारा कवी व्यापारी ठरतो काय? दहा गुणांसाठी पैसे भरणारा अध्यापक कोणत्या हेतूने पैसे भरतो? प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच तारखेला हा आक्षेप घेईल, यात शंका नाही. कवीच्या बाजूने मांडणी करणे मला तरी अवघड वाटत नाही. त्याने चाळीस हजार भरले आणि त्याच्या हाती विक्रीतून नऊशे रुपये आले, असे समजा. हे आकडे आयोगापुढे ठेवल्यावर व्यापाराची व्याख्या त्याच्यावर लादणे त्या वकिलालाही जड जाईल. अध्यापकाची बाजू मात्र त्याने स्वतःच मांडावी.